आनुवंशिक हृदयताल विकार आणि तरुण वयातली शस्त्रक्रिया: आधी काय, नंतर काय आणि चुकतं कुठे

लाँग क्यूटी सिंड्रोम (ठोक्यानंतर हृदय विजेने सावरायला जास्त वेळ घेतं), सीपीव्हीटी (श्रमाने किंवा भावनेच्या भरात घातक ताल सुरू होतो) आणि ब्रुगाडा सिंड्रोम (ताल विशेषतः विश्रांतीत किंवा तापात बिघडतो) या विकारांत हृदयाच्या झडपा, कप्पे, रक्तवाहिन्या बहुधा ठीकठाक असतात. बिघाड असतो तो पेशींमधल्या सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या ये-जा करण्यात. तो जनुकांतून आलेला असतो, त्यामुळे कापून काढता येत नाही. शस्त्रक्रियेने धोका कमी होतो, विकार जात नाही. हे घरच्यांना नीट सांगितलं जात नाही आणि मग त्याच त्या चुका होतात: ऑपरेशन झालं म्हणून गोळी बंद केली जाते, उपाशी राहायचंय म्हणून सकाळचा डोस चुकवला जातो, उलटी होतेय म्हणून नेहमीचं इंजेक्शन दिलं जातं. पुढचे टप्पे आई-वडिलांसाठी आहेत आणि स्वतःचे निर्णय घेऊ लागलेल्या तरुण रुग्णांसाठीही. क्रम मोडू नका.

## १. निदान पक्कं आहे का ते पाहा

ईसीजी मशीनने छापलेल्या क्यूटीसीच्या आकड्यावर थांबू नका. (ठोका सुरू होऊन हृदय विजेने पुन्हा सावरेपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी; नाडीच्या वेगानुसार सुधारलेला तोच आकडा म्हणजे क्यूटीसी.) यंत्र टी लहरीचा (ईसीजीवर ठोक्याच्या शेवटी येणाऱ्या लहरीचा) शेवट अनेकदा चुकीच्या जागी धरतं. हृदयतज्ज्ञाने तो हाताने मोजायला हवा, साधारणपणे ईसीजीच्या लीड २ किंवा व्ही ५ या नोंदींमध्ये. एक उदाहरण घ्या. क्यूटी ४०० मिलिसेकंद आला, म्हणजे वरवर पाहता काहीच वावगं नाही. पण दोन ठोक्यांमधलं अंतर ०.६४ सेकंद आहे, म्हणजे नाडी मिनिटाला ९४ च्या आसपास. ०.६४ चं वर्गमूळ ०.८. चारशेला ०.८ ने भागलं की येतात ५००. हा क्यूटीसी, आणि ५०० हा आकडा कोणताही तज्ज्ञ हलक्यात घेत नाही. हे बझेटचं सूत्र. नाडी फार वेगवान किंवा फार मंद असेल तर ते फसवतं, म्हणून मुलाला शांत पडू द्यावं आणि मग ईसीजी काढावा.

सीपीव्हीटीत विश्रांतीच्या वेळचा ईसीजी पूर्णपणे सामान्य असतो. ट्रेडमिलवर नाडी वाढत गेली की आधी एकटेदुकटे जादा ठोके, मग जोड्या, मग दोन दिशांनी आळीपाळीने उलटणारे ठोके दिसतात. ट्रेडमिल चाचणी न करता ‘ईसीजी नॉर्मल आहे, काही नाही’ असं सांगून मुलाला घरी पाठवणं, ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक.

दुसरी मोठी गफलत मिरगीची. मेंदूला काही सेकंद रक्त मिळालं नाही तरी हातपाय झटकले जातात. पोहताना, धावताना, घड्याळाच्या गजराने दचकल्यावर किंवा भांडणाच्या भरात मूल कोसळत असेल, तर ‘फिट’ म्हणून औषध सुरू करण्याआधी ईसीजी झालाच पाहिजे.

तपासा: विकाराचं नाव आणि शक्य असेल तर जनुकाचं नाव कागदावर आहे का? केसीएनक्यू१ (लाँग क्यूटीचा पहिला प्रकार, व्यायाम आणि विशेषतः पोहण्याचा धोका), केसीएनएच२ (दुसरा प्रकार, अचानक आवाजाचा धोका), एससीएन५ए (तिसरा प्रकार, विश्रांती आणि झोपेत धोका, हेच जनुक ब्रुगाडातही सापडतं), आरवायआर२ (सीपीव्हीटी). पुढचे बरेच निर्णय यावर ठरतात.

## २. औषध पूर्ण मात्रेत दिलं गेलंय का?

शस्त्रक्रियेच्या दारात आलेल्या अनेक मुलांचं औषध ‘चालू’ असतं, पण पुरेसं नसतं. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटीत बीटा ब्लॉकर (अ‍ॅड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकाचा हृदयावरचा परिणाम अडवणारं औषध) हाच पाया, आणि सगळे बीटा ब्लॉकर सारखे नाहीत. नॅडोलॉल मिळत असेल तर ते पहिली पसंती. मात्रा साधारणतः दिवसाला किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम. त्याचा असर जवळपास दिवसभर टिकतो. प्रोप्रॅनोलॉल चांगलं आहे, पण दिवसातून अनेकदा द्यावं लागतं, म्हणून एक डोस चुकला तरी पोकळी पडते. मेटोप्रोलॉल लाँग क्यूटीत कमी पडतं. ते चालू असताना मूल कोसळलं तर ‘औषध निकामी ठरलं’ असा निष्कर्ष काढण्याआधी औषध बदलून पाहायला हवं.

सगळ्यांत सहज निसटणारी गोष्ट म्हणजे वजन. आठव्या वर्षी २४ किलोच्या मुलाला ठरवलेली मात्रा बाराव्या वर्षी ४० किलोला तशीच चालू असते. चिठ्ठी बदललेली नसते, गोळी रोज घेतली जाते, तरीही किलोमागची मात्रा मूळच्या साठ टक्क्यांवर आलेली असते.

सीपीव्हीटीत बीटा ब्लॉकरच्या जोडीला फ्लेकेनाइड दिलं जातं. मात्रा पुरते की नाही, हे ट्रेडमिलवर कळतं: औषध चालू असताना चाचणी करा आणि जादा ठोके किती उरले ते पाहा.

पूर्ण मात्रा नियमित घेऊनही मूल बेशुद्ध पडत असेल, दम्यामुळे किंवा अति थकव्यामुळे औषध सोसत नसेल, आयसीडीचे (शरीरात बसवलेल्या, झटका देणाऱ्या यंत्राचे) झटके वारंवार बसत असतील, किंवा औषधावरही क्यूटीसी ५०० च्या वर राहून धोका मोठा वाटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विषय येतो. हृदय एकदा बंद पडून वाचलेल्या मुलाच्या बाबतीत तो लगेच येतो.

सावधान: बीटा ब्लॉकर कधीही एकदम थांबवू नका. औषधाने झाकलेले पेशींवरचे रिसेप्टर (संदेश पकडणाऱ्या जागा) अचानक उघडे पडतात आणि हृदय अ‍ॅड्रेनलिनला पूर्वीपेक्षा जास्त जोराने प्रतिसाद देतं.

## ३. कोणती शस्त्रक्रिया, हे विकार ठरवतो

डावं सिम्पथेटिक डेनर्व्हेशन. छातीत पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंची एक साखळी असते. तिच्या डाव्या बाजूकडून हृदयाला मिळणारा ‘पळ, घाबर, लढ’ हा संदेश तोडला जातो. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटीत उपयोगी. ब्रुगाडात याला जागा नाही.

आयसीडी. ताल जीवघेणा झाला तर विजेचा झटका देऊन तो परत आणणारं यंत्र. ते ताल बिघडण्यापासून थांबवत नाही.

अ‍ॅब्लेशन. ब्रुगाडात उजव्या कप्प्याच्या रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर, हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचा सदोष भाग जाळला जातो. झटके वारंवार बसणाऱ्या निवडक रुग्णांतच.

सीपीव्हीटीत क्रमाला फार महत्त्व आहे. झटका दुखतो, मूल घाबरतं, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, त्यातून पुन्हा तोच घातक ताल सुरू होतो आणि यंत्र पुन्हा झटका देतं. जीव वाचवायला बसवलेलं यंत्रच वादळ चेतवतं. म्हणून सीपीव्हीटीच्या मुलाला नुसती आयसीडी बसवण्याचा सल्ला मिळाला, तर ‘आधी किंवा सोबत डेनर्व्हेशन का नाही?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. लाँग क्यूटीत हृदय बंद पडून वाचलेल्या मुलाला मात्र केवळ डेनर्व्हेशनवर सोडणं बहुधा योग्य नाही.

## ४. आधीचे दोन आठवडे

१. औषधांची यादी एका कागदावर लिहा: नाव, मात्रा, वेळ. सर्दी-खोकल्याची, पित्ताची, अ‍ॅलर्जीची औषधंही.

२. क्यूटी लांबवणारी औषधं यादीतून काढून घ्या. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, डोम्पेरिडोन, ऑन्डॅनसेट्रॉन, हायड्रॉक्सिझिन ही नावं घरात लावून ठेवा. ‘क्रेडिबल मेड्स’ या संकेतस्थळावर पूर्ण यादी मिळते. ब्रुगाडाची यादी वेगळी असते, ती वेगळी मागून घ्या.

३. रक्तात पोटॅशियम ४ (mEq/L) च्या वर आणि मॅग्नेशियम २ (mg/dL) च्या वर आहे का पाहा. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर पुन्हा तपासा.

४. आयसीडी बसवायची असेल तर दात आणि त्वचेचा जंतुसंसर्ग आधी मिटवा. यंत्राच्या कप्प्यात जंतू गेले तर यंत्र आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात.

५. ताप आला तर सर्जनला त्याच दिवशी कळवा. ब्रुगाडात ताप हाच धोका असतो, ऑपरेशन असो वा नसो.

उपासाचा गोंधळ इथे सर्वाधिक होतो. घन अन्न ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी बंद, पाणी साधारणतः २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. सकाळचा बीटा ब्लॉकर मात्र घोटभर पाण्याबरोबर द्यायचाच. ‘काही खायचं-प्यायचं नाही’ हे वाक्य ऐकून गोळीही टाळली जाते, आणि मग सर्वांत ताणाच्या दिवशी मुलाचं हृदय उघडं पडतं.

लहान मुलांत आणखी एक धोका आहे. प्रोप्रॅनोलॉल घेत असलेलं तान्हं बाळ लांब उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरते, आणि औषधामुळे धडधड होत नसल्याने ते चटकन कळतही नाही. म्हणून लहान मुलाचा क्रमांक सकाळी पहिला लावून घ्या आणि साखर मोजायला सांगा.

तपासा: आदल्या रात्री शिफ्टवरच्या नर्सला स्पष्ट विचारा, ‘सकाळच्या औषधाची वेळ चार्टवर लिहिली आहे का?’

## ५. भूल: धोक्याच्या खऱ्या जागा

बहुतेक पालक सर्जनला भेटतात आणि भूलतज्ज्ञाला ऑपरेशनच्या दाराशी पाहतात. उलट व्हायला हवं. या मुलांत भूल देताना आणि उतरतानाचे क्षण सर्वांत नाजूक. आधीच भेट मागा आणि पुढील गोष्टी विचारा.

झटक्याचे पॅड छातीवर भूल देण्याआधी, शस्त्रक्रियेच्या जागेत येणार नाहीत असे लावले जातील का? लाँग क्यूटीसाठी मॅग्नेशियम सल्फेट (किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम) हाताशी असेल का? सीपीव्हीटी आणि लाँग क्यूटीत केटामाइन आणि अ‍ॅट्रोपिनसारखी ठोके वाढवणारी औषधं टाळली जातील ना? भूल उतरवताना निओस्टिग्मिनऐवजी सुगॅमॅडेक्स वापरता येईल का? भूलतज्ज्ञ यावर रागावणार नाहीत. जाणकार असतील तर उलट खूश होतील.

खोलीतली शांतता हेही औषधच आहे. भूल देताना दिवे मंद, आवाज हलके, मूल उबदार. कानाशी अचानक मोठी हाक, ट्रे आपटणं, अलार्म कर्कश ठेवणं हे लाँग क्यूटीच्या दुसऱ्या प्रकारात थेट घातक ठरू शकतं. आधी मिडाझोलामने मुलाची भीती कमी केली तर ते फायद्याचंच.

सावधान: सीपीव्हीटीत ताल बिघडला तर सवयीने अ‍ॅड्रेनलिन देऊ नये, त्याने तो आणखी पेटतो. ब्रुगाडाच्या वादळात, म्हणजे घातक ताल पुन्हा पुन्हा येत असताना, आयसोप्रिनालिन कामी येतं. तेच औषध सीपीव्हीटीत किंवा लाँग क्यूटीच्या पहिल्या प्रकारात उलटं पडतं. म्हणून विकाराचं नाव टेबलाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

## ६. डेनर्व्हेशन: टेबलावर काय घडतं

बहुतेक ठिकाणी हे दुर्बिणीने होतं. मूल उजव्या कुशीवर, डावा हात डोक्याकडे वर. काखेखाली साधारण ५ मिलिमीटरची तीन छिद्रं. डावं फुप्फुस तात्पुरतं मिटवलं जातं, म्हणजे कण्यालगतचा भाग मोकळा दिसतो.

पातळ पारदर्शक आवरणाखाली, बरगड्यांच्या मुळांवरून, मोत्यासारख्या पांढऱ्या गाठी ओवलेली दोरी खाली उतरताना दिसते. तीच साखळी. आवरण उघडून ती चौथ्या बरगडीच्या पातळीपासून वर सोडवत आणली जाते. वर टोकाला स्टेलेट गँग्लियन, मानेचा शेवटचा आणि छातीचा पहिला गँग्लियन एकत्र येऊन झालेली मोठी गाठ.

इथेच सर्जनची परीक्षा असते. या गाठीचा फक्त खालचा भाग काढायचा. वरचा भाग डाव्या डोळ्याच्या पापणीला आणि बाहुलीला संदेश पाठवतो. तो दुखावला तर पापणी खाली येते, बाहुली लहान होते, चेहऱ्याची ती बाजू कोरडी पडते. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. म्हणून या गाठीजवळ विद्युत चटका देत नाहीत, थंड कात्रीने कापतात. चटक्याची उष्णता तंतूवरून वर चढते. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे हॉर्नरच्या भीतीने स्टेलेटला हातच न लावणं आणि फक्त दुसऱ्या ते चौथ्या गाठी काढणं. त्याने हृदयाकडचा बराचसा पुरवठा तसाच राहतो, आणि ऑपरेशन कागदावर झालेलं असतं, हृदयापर्यंत पोहोचलेलं नसतं. बाजूने दुसऱ्या बरगडीवरून जाणारे चोरवाटेचे तंतूही तोडावे लागतात.

काढलेला तुकडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तो मज्जातंतूची गाठच आहे, चरबी किंवा लसिका ग्रंथी नाही, याची खात्री झाल्यावरच फुप्फुस पुन्हा फुगवतात, हवा बाहेर काढतात, छिद्रं शिवतात.

तपासा: ऑपरेशननंतर सर्जनला एकच प्रश्न विचारा: ‘स्टेलेटचा खालचा भाग आणि चौथ्या गाठीपर्यंतची साखळी काढली का, आणि तुकड्याचा अहवाल काय आला?’ उत्तर डिस्चार्ज पेपरवर लिहून घ्या.

## ७. आयसीडी बसवताना

तरुण वयात सगळ्यांत मोठी अडचण असते तारेची. रक्तवाहिनीतून हृदयात जाणारी तार वाढत्या शरीरात ताणली जाते, वर्षानुवर्षांच्या हालचालीने तुटते, आणि काढणं धोक्याचं असतं. वाढ उरलेली असेल तर आत थोडा वळसा सैल सोडतात. अगदी लहान मुलांत तार हृदयाच्या बाहेरून लावतात.

त्वचेखालची आयसीडी यातून सुटका देते: यंत्र डाव्या कुशीत, तार छातीच्या हाडालगत त्वचेखाली, रक्तवाहिनीत काहीच नाही. पण ती मंद ठोक्यांना सतत पेसिंग (विजेने कृत्रिम ठोके) देत नाही. लाँग क्यूटीत ठोके मंद झाल्यावर ताल बिघडत असेल, तर ती अपुरी. शिवाय ती मोठी टी लहर ठोका समजून दुप्पट मोजू शकते. म्हणून आधी उभं, झोपून आणि व्यायामानंतर चाचणी ईसीजी काढावाच लागतो.

सेटिंगबद्दल विचारा. तरुण मुलाची नाडी धावताना सहज १८० ते २०० होते. यंत्राला तो घातक ताल वाटला तर शुद्धीत असलेल्या मुलाला झटका बसतो. म्हणून झटक्याची मर्यादा उंच, साधारण २२० किंवा त्याहून वर, आणि ओळखण्याचा वेळ पुरेसा लांब ठेवतात.

## ८. पहिले ४८ तास

मॉनिटर सुरूच राहायला हवा. डेनर्व्हेशननंतर सुरुवातीचे काही दिवस क्यूटीसी उलट थोडा वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी मॉनिटर काढून लवकर घरी सोडण्याची घाई नको. छातीचा एक्स-रे झाला की फुप्फुस फुगलंय का कळतं.

मळमळ झाली की वॉर्डात हात आपोआप ऑन्डॅनसेट्रॉनकडे जातो. लाँग क्यूटीत ते टाळा. डेक्सामेथासोन हा पर्याय चालतो. दुखण्यावर पॅरासिटामॉलपासून सुरुवात करा. दुखणं दाबून ठेवू नका, वेदना हीसुद्धा अ‍ॅड्रेनलिन वाढवते. मूल पाणी पिऊ लागलं की पहिला बीटा ब्लॉकर त्याच संध्याकाळी, वेळेवर.

दम लागणं, जखमेतून स्राव, ताप किंवा धडधडीसह चक्कर आली तर घरी थांबू नका.

## ९. घरी परतल्यावर

डावा हात आणि चेहऱ्याची डावी बाजू कोरडी आणि उबदार वाटेल. खेळताना उजवा गाल लाल आणि घामेजलेला, डावा फिकट आणि कोरडा. हे अपेक्षित आहे. मुलाला आधीच सांगा, नाहीतर आरशात पाहून ते घाबरतं. काखेत, छातीत झिणझिण्या किंवा जळजळ काही आठवडे राहू शकते. पापणी किंचित खाली आली असेल तर ती बहुतेकदा हळूहळू सुधारते. तरी सर्जनला दाखवा.

आयसीडीनंतर ४ ते ६ आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका. पण खांदा पूर्ण बांधूनही ठेवू नका, तो आखडतो. यंत्राच्या कप्प्यात सूज दिसली तर कोणालाही सुई घालून पाणी काढू देऊ नका. जंतू आत जातात. मोबाइल यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब, खिशात नको.

झटका बसला तर: एकच बसला आणि मूल बरं आहे, तर त्याच दिवशी तज्ज्ञांना कळवा आणि यंत्र तपासून घ्या. २४ तासांत दोन किंवा जास्त, किंवा एकानंतरही बरं वाटत नाही, तर रुग्णवाहिका बोलवा. मूल कोसळलं, हाका मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा, कोणीतरी एईडी (बाहेरून झटका देणारं हाताळायला सोपं यंत्र) आणू द्या. शरीरातल्या आयसीडीने झटका दिला तर छाती दाबणाऱ्याला फार तर किंचित झिणझिणी जाणवेल, थांबू नका.

बीटा ब्लॉकर चालूच राहील, वजन वाढलं की मात्राही वाढेल. डेनर्व्हेशनने झटके आणि बेशुद्धी कमी होतात, पण संरक्षण शंभर टक्के नसतं. म्हणून ट्रेडमिल आणि होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारी) चाचणी पुन्हा होते. खेळ, पोहणं यांचा निर्णय तज्ज्ञांबरोबर, मुलाला बसवून घ्या. दातांच्या डॉक्टरला विकार आधी सांगा. बधिर करण्याच्या इंजेक्शनमध्ये अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असू शकतं.

आयसीडीची बॅटरी साधारणतः ७ ते १० वर्षं चालते. दहाव्या वर्षी बसवलेल्या मुलाला आयुष्यात अनेक वेळा ती बदलावी लागणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि भावंडांचा, आई-वडिलांचा ईसीजी अजून झाला नसेल तर तो याच महिन्यात करून घ्या. रुग्णाच्या जनुकात बदल सापडला असेल तर त्यांचीही जनुक तपासणी करा.